अण्णा उचगावकरांचा निषेध

अण्णा उचगावकर रोज सकाळी कोर्टात जाताना परराष्ट्रात जात. हे मी थट्टेनं म्हणत नाही, ते स्वतःच तसं समजत. आम्ही दोघं शहापुरात राहत होतो. शहापूर तेव्हा संस्थानाचं आणि बेळगाव इंग्रज सरकारचं. घराला घर लागलेलं, मागांची खटखट इकडून तिकडे ऐकू जायची, पण मधे रस्त्याच्या कडेला हद्दीचा एक दगड होता. बाजाराला जाणाऱ्या बायका त्यावर पाटी टेकवून दम खात. कुत्री आपलं काम उरकून पुढं जात. अण्णा मात्र तिथं येऊन थांबत, छत्री मिटत, कोटाची वरची गुंडी लावत, डोक्यावरचा रुमाल सारखा करत आणि मगच पलीकडे पाऊल टाकत.

मी बेळगावच्या एका शाळेत मास्तर होतो, त्यामुळे आमची वाट एकच. त्यांच्याबरोबर मलाही थांबावं लागे. पावसाळ्यात हे फार जड जाई.

"अण्णा, पाऊस पडतोय. छत्री कशाला मिटताय?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्याच्या मुलखात शिरताना डोक्यावर छत्र धरून शिरू नये, मास्तर. त्याचा अर्थ वेगळा होतो."

"कुणाला वेगळा वाटणार आहे?"

"कायद्याला," अण्णा म्हणाले आणि भिजत पुढे गेले.

मूळचे ते उचगावच्या शेतकरी घरातले. बी.ए., एलएल.बी. होऊन त्यांनी सनद घेतली होती. त्यांच्या बरोबरीच्या वकिलांनी तेवढ्याच शिक्षणावर घरांवर माड्या चढवल्या. अण्णांनी एलएल.एम.चा ध्यास घेतला, आणि तोही आंतरराष्ट्रीय कायद्यात. मुंबईहून उशीएवढी जाड पुस्तकं मागवायची, खिडकीशी बसून वाचायची, आणि तयारी झाली असं वाटलं की मुंबईला जाऊन परीक्षेला बसायचं. साऱ्या बेळगावात हा विषय घेतलेला दुसरा माणूस नव्हता. कोर्टाच्या आवारात वकील मंडळी पानं लावता लावता त्यांची फिरकी घेत.

"अण्णा, तुमच्या त्या कायद्यात काय असतं?"

"दोन राष्ट्रांनी एकमेकांशी कसं वागावं ते असतं."

"आणि नाही वागली तर?"

"तर निषेध नोंदवायचा."

"आणि निषेध नोंदवूनही नाही वागली तर?"

"तर पुन्हा नोंदवायचा," अण्णा म्हणत. मंडळी हसत. अण्णांना त्यात हसण्यासारखं काय आहे हे कधीच कळलं नाही.

रागावणं हा अण्णांचा मूळ व्यवसाय होता, वकिली हा जोडधंदा. सकाळी वर्तमानपत्र आलं की त्यांचा राग पेटे आणि संध्याकाळपर्यंत तो विझत नसे. कुठल्या तरी बलाढ्य देशानं कुठल्या तरी गरीब देशाची नदी, बंदर नाहीतर डोंगर घेतलेला असायचाच. इटलीनं आफ्रिकेतल्या अबिसिनियावर चाल केली तेव्हा घरात नेमकी शेवयांची खीर झाली होती. इटलीचे लोक शेवया खातात हे अण्णांनी कुठंसं वाचलेलं. त्यांनी वाटी बाजूला सारली.

त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का, घर सांभाळायची. ती म्हणाली, "काय झालं रं?"

"मी निषेध नोंदवतोय."

"शेवया मी शापुरात वळल्यात, इटलीत न्हाय. गप गिळ."

अण्णांनी गिळली नाही. आक्कानं ती वाटी मला दिली. खीर उत्तम झाली होती.

त्यांच्याकडे येणारे खटले म्हणजे बांध, वाटणी, पोटगी. पण अण्णा त्यातही राष्ट्रं बघत. मच्छे गावच्या दोन भावांचा फणसाच्या झाडावरून दावा होता. बुंधा एकाच्या रानात, फांद्या दुसऱ्याच्या. अण्णांनी युरोपातल्या दोन देशांमधून वाहणाऱ्या नद्यांपासून सुरुवात केली. मुन्सफ बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"उचगावकर, तुम्ही आता कुठं आहात?"

"डॅन्यूब नदीवर, साहेब."

"आणि फणस?"

मागून अशील म्हणाला, "त्यो खाल्ला, सायब."

परीक्षेतही हाच प्रकार. पहिल्या खेपेला प्रश्नपत्रिकेत विचारलं होतं की 'सुधारलेल्या राष्ट्रांमधला कायदा' म्हणजे काय. अण्णांचं पित्त खवळलं. सुधारलेली म्हणजे कोणती? कुणी ठरवलं? त्यांना तो अधिकार कुणी दिला? दिलेला सगळा वेळ त्यांनी त्या एका शब्दावर खर्च केला आणि नापास होऊन आले.

"अहो, आधी उत्तर लिहायचं आणि मग रागवायचं," मी म्हटलं.

"चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर कसं लिहू? तुम्ही शाळेत असंच शिकवता का?"

पुढच्या खेपेला तहांबद्दल प्रश्न आला. हरलेल्या देशाच्या कपाळाला बंदूक लावून सही घेतली तरी तह पक्का धरावा असं पुस्तकं सांगत. अण्णांनी लिहिलं की गल्लीतल्या पोरानं दुसऱ्याच्या हातातली चिंच हिसकावली तर आपण त्याचा कान पिळतो, आणि राष्ट्रानं अख्खा प्रांत हिसकावला तर त्याला तह म्हणून पेटीत जपून ठेवतो, हा कायदा नसून लबाडी आहे. परीक्षकाला हे पटलं असेलही. गुण त्यानं दिले नाहीत.

असा हा माणूस दर रविवारी न चुकता मार्ताबाईच्या दवाखान्यात जायचा.

मार्ताबाई जर्मन. पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाल्यावर ती एका मिशनतर्फे नर्स म्हणून आली आणि शहापूरच्या टोकाला दोन खाटांचा दवाखाना चालवू लागली. जांबोटीच्या रानातून अडलेल्या बायकांना डोलीत घालून तिच्याकडे आणत. शहापुरातल्या विणकरांची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. मराठी तिला पुस्तकातून कुणी शिकवली नव्हती. कळा देणाऱ्या बायकांकडून ती शिकली, त्यामुळे तिची मराठी अस्सल होती आणि जरा ओरडून बोललेली.

अण्णांना पित्ताचा त्रास होता. निदान ते तसं सांगत. दवाखान्यात कधी माझीही खेप पडे तेव्हा त्यांचं संभाषण कानावर यायचं.

"मागच्या लढाईनंतरच्या तहात तुमच्या देशावर अन्याय झालाय, बाई."

"व्हय? जीभ दावा."

"नुकसानभरपाईचं कलम तर..."

"जीभ भाईर काढल्यावर मानूस गप बसतंय. तुमी न्हाय बसत. लई वात हाय."

ती औषधाची बाटली भरून देई. अण्णा ती घेऊन आणखी तासभर बसत आणि तिला तिच्याच देशाची बाजू समजावून सांगत. मार्ताबाई चिंध्या उकळत नाहीतर कुणाच्या पोराचा कान धुवत ऐकत असे. साऱ्या बेळगावात अण्णांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं ते एकच माणूस होतं. मीसुद्धा मधे शाळेचं निमित्त सांगून सटकायचो.

मग जर्मनीत नवं राज्य आलं आणि ते शेजाऱ्यांचे मुलूख गिळू लागलं. अण्णा एका रविवारी ताडताड दवाखान्यात गेले. मी सोबत होतो.

"तुमच्या लोकांनी शेजारचं राष्ट्र गिळलं. मी तुमच्यापाशी तीव्र निषेध नोंदवतो."

मार्ताबाई पायरीवर बसली होती. आतल्या बाळंतिणीपाशी ती पहाटेपासून उभी होती. ती म्हणाली, "माज्यापाशी कशाला नोंदवताय? मी काय गिळलंय? सकाळधरनं च्या सुदिक गिळला न्हाय."

अण्णा उलट्या पावली घरी गेले आणि झाकण लावलेला चहाचा तांब्या धोतराच्या सोग्यात धरून, भाजत असलेले हात बदलत बदलत, भर रस्त्यानं परत आले. शहापूरनं आपला वकील असा पूर्वी पाहिला नव्हता.

दुसरी लढाई जाहीर झाली. आधी मार्ताबाईला फक्त गाव सोडून जाऊ नये असं सांगण्यात आलं. पुढच्या उन्हाळ्यात मात्र हुकूम आला की शत्रुराष्ट्राची प्रजा म्हणून तिला छावणीत नेऊन ठेवणार. हुकूम घेऊन आलेला फौजदार खाली मान घालून उभा होता. त्याची धाकटी मुलगी तिच्याच हातावर झाली होती.

बातमी गल्लीत पसरली तशा बायका अण्णांच्या दारात जमल्या. माग सोडून आलेल्या, हाताला रंग लागलेल्या. एकीच्या कडेवर मूल, दोघीतिघी भरल्या पोटाच्या. ज्या अण्णांच्या शिक्षणाला गावानं इतकी वर्षं हसून घेतलं, त्या शिक्षणाकडे ती सगळी माणसं आता आशेनं बघत होती.

"अण्णा, तुमी त्यो मोठा कायदा शिकलायसा न्हवं? देशादेशांचा?" त्यांतली म्हातारी गंगव्वा म्हणाली. "मग ह्ये थांबवा की."

अण्णा म्हणाले, "थांबवतो." असं ठाम उत्तर त्यांनी कुठल्याच अशिलाला कधी दिलं नव्हतं.

पुढचे काही दिवस ते कोर्टात गेले नाहीत. मी गेलो की पुस्तकांच्या ढिगातून त्यांचं डोकं वर यायचं. आधी ते उत्साहात होते. दवाखाना हद्दीच्या दगडाच्या अलीकडे आहे, संस्थानात आहे, तिथं इंग्रजांचा हुकूम चालतोच कसा? हा प्रश्न खऱ्या अर्थानं आंतरराष्ट्रीय आहे, म्हणाले. मग हळूहळू त्यांचा आवाज खाली गेला. एक पुस्तक मिटून दुसरं, दुसरं मिटून तिसरं. शेवटी मी गेलो तेव्हा सगळी पुस्तकं मिटलेली होती.

आक्का दारातच मला म्हणाली, "मास्तर, ह्येला काय झालंय बगा. दोन दिस झालं, कुणावर रागावला न्हाय."

हुकूम काढणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो. त्या दिवशी हद्दीच्या दगडापाशी ते थांबलेही नाहीत. अधिकारी वयानं बेताचा, बोलायला सभ्य. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. अण्णा उभेच राहिले. बोलणं इंग्रजीत झालं. अण्णांनी संस्थानच्या हद्दीचा मुद्दा मांडला. अधिकाऱ्यानं शांतपणे सांगितलं की संस्थानची संमती आलेली आहे.

अण्णांनी मान हलवली. त्यांना तेच अपेक्षित होतं.

"ती बाई निरुपद्रवी आहे," ते म्हणाले. "तिनं इथं फक्त मुलं जन्माला घातली आहेत. इतरांची."

"मला ठाऊक आहे."

"तिच्यावाचून बायका मरतील."

"तेही मला कळतं, मिस्टर उचगावकर." अधिकारी खुर्चीत पुढं सरकला. "तुम्ही या कायद्याचा अभ्यास केलेला आहे असं मी ऐकतो. या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलेला नाही, मीही नाही. तेव्हा तुम्हीच सांगा. लढाई चालू असताना शत्रुराष्ट्राच्या प्रजेला ताब्यात ठेवायचा सरकारला अधिकार आहे की नाही?"

मला वाटलं, आता अण्णा पेटणार. 'नाही' एवढं म्हणायला काय लागत होतं? तो अधिकारी कुठं पुस्तकं उघडून बघणार होता? निदान दोन दिवस तरी मिळाले असते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"आहे," अण्णा म्हणाले.

मग अण्णाच पुढं म्हणाले, "अधिकार आहे. तरी माझा निषेध आहे."

"कुणाविरुद्ध? माझ्या?"

"नाही. कायद्याविरुद्ध."

"तो मी कुठं नोंदवून घेऊ?"

"ते मला माहीत नाही," अण्णा म्हणाले. "मी शोधून पाहिलं. तशी जागा नाही."

मग मात्र त्यांनी कोटाची बाही वर सारली आणि रोजचे अण्णा जागे झाले. ताब्यात घेतलेल्या माणसाला कायदा काय काय देतो ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. दोरी नाही, बेड्या नाहीत. सोबत बाई हवी. स्वतःचे कपडे, स्वतःचं अंथरूण, औषधं, मच्छरदाणी. पत्रं येतील-जातील, पुडकी येतील-जातील. गाडीत बसायला बाकाची जागा, मालाच्या डब्यात नव्हे. तो अधिकारी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता आणि तरी अण्णांचा आवाज चढत होता. तो नाही म्हणाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं असं मला वाटून गेलं.

परत आलो तेव्हा दारात बायका बसलेल्याच होत्या. अण्णांनी सांगितलं, "कायदा त्यांच्या बाजूनं आहे."

गंगव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. "मग येवढी वर्सं शिकलासा कशाला, अण्णा?"

अण्णांनी पायातले पंपशू काढले, भिंतीशी नीट लावले आणि आत गेले.

कोर्टातल्या मंडळींना ही हकीकत पुरली. अण्णा गेले ते सरकारचाच दावा जिंकून आले, असं पानाच्या तबकाभोवती सांगितलं जाऊ लागलं. मला त्या माणसांचा आजही राग येतो. त्यांतला एकही बंगल्याच्या फाटकापर्यंत गेला नव्हता. एकाच्याही तोंडून, आपलं नुकसान होत असताना, खरं उत्तर निघालं नसतं. पण त्यांच्या माड्या होत्या आणि अण्णा नापास होते, त्यामुळे हसायचा हक्क त्यांच्याकडे.

मार्ताबाईला नेलं त्या दिवशी स्टेशनवर गर्दी नव्हती. पोलिसांनी बायकांना फाटकाशीच अडवलं. वकील म्हणून अण्णांना आत सोडलं आणि त्यांच्यामागून मीही घुसलो. अण्णा डब्यात चढून बाक तपासून आले. फौजदाराला त्यांनी पाण्याचं मडकं आणायला लावलं. सोबतीला दिलेली बाई खिडकीपाशी बसली होती, तिला उठवून तिथं मार्ताबाईला बसवलं. हे सगळं चढ्या आवाजात, कायद्याचा हवाला देऊन.

मार्ताबाई खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "वकीलसायब, आता जरा गप बसा."

अण्णा खिडकीजवळ आले.

"तुमचं प्वाट चांगलं हाय. पैल्यापासनं चांगलं हाय. त्या बाटलीत साखरपानी आनि बडीशेप हुती. मी काय झालं न्हाय म्हटलं असतं, तर तुमी आला न्हसता."

अण्णा खिडकीचा गज धरून उभे होते. गाडी हलली तरी त्यांनी गज सोडला नाही. थोडं अंतर ते बरोबर चालले, मग फौजदारानं त्यांच्या दंडाला धरून मागं घेतलं. त्यानं ते फार हळूच केलं.

त्या पावसाळ्यात जांबोटीची एक बाळंतीण डोलीतच गेली. दवाखान्याला कुलूप होतं आणि पुढं बेळगावच्या इस्पितळापर्यंत पोचायला वेळ उरला नव्हता. अण्णांना हे आक्कानं सांगितलं. ते ऐकून ते वर्तमानपत्र न उघडताच उठून गेले.

मग ते पुन्हा परीक्षेला मुंबईला गेले. आम्हाला कुणाला त्यात नवल वाटलं नाही. नवल पुढं वाटलं. अण्णा पास झाले.

मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. मागच्या सोप्यावर आक्का जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती. तिची नजर अधू झालेली, त्यामुळे एलएल.एम. झालेले अण्णा उचगावकर तिच्याशेजारी मांडी घालून सुईत दोरा ओवून देत होते.

"अभिनंदन, अण्णा," मी म्हणालो. "या वेळी काय विचारलं होतं?"

"लढाईच्या काळात शत्रुराष्ट्राच्या प्रजेवर सरकारचे अधिकार काय, ते सविस्तर लिहा."

मी पेढ्यांचा पुडा हातातच धरून उभा राहिलो.

"लिहिलं," अण्णा म्हणाले. "पुस्तकात आहे तसं, ओळीनं. कुठंही हरकत घेतली नाही. परीक्षकानं सगळ्यात जास्त गुण त्याच उत्तराला दिले असणार."

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं आणि डोळे बारीक करून सुईच्या नाकाशी नेलं. ते चुकलं. त्यांनी पुन्हा केलं.

आक्का म्हणाली, "मास्तर, ठेवा ते पेढे देवापुढं. त्यो खात न्हाय. आनि हिकडचं टोक जरा धरा. सरळ न्हाय येत मला."

मी वाकळीचं टोक धरून बसलो. आतून चांगली चार पदरी होती. आक्कानं त्यात आपलं एक चांगलं लुगडंही घातलेलं दिसलं.

"टाका जवळ घाल, आक्का," अण्णा म्हणाले. "छावणी डोंगरावर आहे. तिथं थंडी लई असते."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'लई'सारखा उचगावचा शब्द मी ऐकला नव्हता.

"घालत्येय की," आक्का म्हणाली. मग हात थांबवून तिनं विचारलं, "व्हय रं, पर ही तिच्यापातूर पोचू देतील न्हवं? कायद्यात बसतंय का?"

अण्णांनी ओवलेली सुई तिच्या हातात दिली.

"बसतं," ते म्हणाले. "तेवढं बसतं."